हँडल लोकांच्या हाती

महाविद्यालयाच्या आनंदमेळ्यात उभारलेला देखावा फार तर तीन दिवस जगतो. चौथ्या दिवशी फळ्या सुट्या होतात, स्क्रू डब्यात जातात आणि रंगवलेलं कापड गुंडाळून कुणाच्या तरी माळ्यावर पडतं. एवढ्या थोड्या आयुष्याच्या गोष्टीवर सबंध पुस्तक लिहायचं काही विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं आणि ते तडीस नेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. नाटकाच्या नेपथ्यावर मराठीत लिहिलं गेलं आहे, मूर्तिकलेवर लिहिलं गेलं आहे. पण लोकांना आत शिरून खेळता येईल असा देखावा कसा कल्पावा, कसा बांधावा, कसा चालवावा आणि कसा सुखरूप उतरवावा, यावर सलग लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं.

या पुस्तकाचा कणा म्हणजे या मुलांनी उभारलेलं दीपगृह. काही जण अभियांत्रिकीचे, काही चित्रकलेचे, हिशेब आणि रांग सांभाळायला दोघं वाणिज्य शाखेचे, असे सगळे एकत्र आले आणि त्यांनी कॉलेजच्या मैदानात कोकणातलं एक दीपगृह उभं केलं. बाहेरून पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा प्लायवूडचा मनोरा. आत पाच-पाच जणांना सोडायचं. आत रखवालदाराची खोली, खुंटीवर रेनकोट, भिंतीवर तक्ता आणि खिडकीबाहेर धुक्यानं भरलेला समुद्र. त्या समुद्रात एक गलबत वाट चुकलं आहे. खोलीच्या मधोमध एक हँडल आहे आणि ते फिरवलं की वरचा दिवा फिरतो. पण नुसता फिरून उपयोग नाही. तो ठरलेल्या लयीत फिरला तरच तांडेलाला आपलं बंदर ओळखू येईल आणि गलबत घरी परतेल.

ही लय मुलांनी उगाच कल्पनेतून आणलेली नाही. समुद्रावर दीपगृहांची लुकलुक एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असते. किती सेकंदांनी झोत येतो, एका खेपेला किती झोत येतात, रंग कोणता, हे सगळं दर्यावर्दींच्या नोंदपुस्तकात लिहिलेलं असतं आणि रात्री किनारा दिसत नसताना खलाशी सेकंद मोजून आपण कुठे आहोत ते ठरवतात. भिंतीवरचा तक्ता वाचून, सेकंद मोजून, हँडल त्या वेगानं फिरवणं हा खेळ म्हणूनच दीपगृहाखेरीज दुसऱ्या कुठल्याही विषयाला लागू पडत नाही. खेळाचा नियम विषयाच्या पोटातून यावा, ही गोष्ट पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आली आहे आणि माझ्या मते पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. आपल्याकडच्या बहुतेक फन फेअरमध्ये बाहेर जंगल रंगवलेलं असतं आणि आत रिंगा टाकून साबणाची वडी जिंकायची असते. जंगलाऐवजी चंद्र रंगवला तरी रिंगा त्याच राहतात. लेखकांनी यासाठी एक सोपी कसोटी दिली आहे: विषय बदलून पाहा, खेळ जसाच्या तसा उरत असेल तर विषय अजून सापडलेला नाही.

आपल्याकडे देखाव्यांची कमतरता कधीच नव्हती. गणेशोत्सवात पुण्या-मुंबईच्या मंडळांनी हलते देखावे पिढ्यान्‌पिढ्या केले. मोटार, कॅम, दोऱ्या आणि रेकॉर्ड केलेला आवाज यांच्या जोरावर अफझलखानाचा वध होतो, कालियामर्दन होतं आणि फुटपाथवर उभी राहून माणसं ते डोळे भरून पाहतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावरची पोरं हातपाय हलवणारे नरकासुर उभे करतात आणि पहाटे ते जाळतात. त्या हालचालींमागची यंत्रं शाळा-कॉलेजातल्याच मुलांनी जुळवलेली असतात. रंगभूमीवर १९६२ साली ‘तो मी नव्हेच’साठी फिरता रंगमंच आला आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एका खटल्याची गावं बदलत गेली. कारागिरी आपल्या घरचीच आहे. पण या सगळ्यात पाहणारा एका जागी असतो आणि घडणारं त्याच्यासमोर घडतं. तो नसता तरी खानाचा कोथळा त्याच क्षणी बाहेर आला असता. या मुलांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या दीपगृहात कुणी हँडल फिरवलं नाही तर काहीच घडत नाही. ते त्याला ‘खेळता देखावा’ म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरतो.

विद्यार्थ्यांनी असे खेळते देखावे उभारण्याची सर्वांत नांदती परंपरा मला माहीत आहे ती अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दर वसंतात ‘स्प्रिंग कार्निव्हल’ भरतो. त्यात १९२० पासून बग्ग्यांची शर्यत होते. जमिनीलगत चालणाऱ्या निमुळत्या डब्यात एक विद्यार्थी पालथा पडून सुकाणू धरतो आणि पाच जण आळीपाळीनं बग्गी चढावर ढकलतात. त्याच कार्निव्हलचा दुसरा मोठा भाग म्हणजे ‘बूथ’. विद्यार्थ्यांच्या संघटना त्या वर्षीच्या सूत्राला धरून एकमजली, दुमजली घरं बांधतात. आत चालत फिरायची वाट असते, रंगवलेल्या भिंती असतात आणि निदान एक तरी खेळ असतो. लाकडी चौकटी आधी तयार होतात, कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात त्या मैदानावर येतात, डोक्यावर हेल्मेट घालून मुलंमुली त्या उभ्या करतात, परीक्षक पाहून जातात, गावातली माणसं लेकरांना घेऊन येतात आणि कार्निव्हल संपला की सगळं उतरवलं जातं. संगणकशास्त्राचा विद्यार्थी तिथे करवत चालवायला शिकतो आणि नाट्यविभागातली मुलगी सर्किट जोडायला.

बूथ जिथे उभे राहतात त्या मैदानाला तिथे ‘मिडवे’ म्हणतात. हे नाव १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातल्या ‘मिडवे प्लेझन्स’ या करमणुकीच्या पट्ट्यावरून अमेरिकेतल्या जत्रांमध्ये रूढ झालं. त्या पट्ट्यावर उभा राहिलेला पहिला अवाढव्य आकाशपाळणा जॉर्ज फेरिस यांनी बांधला आणि फेरिस यांची कंपनी पिट्सबर्गचीच होती. पुलांच्या पोलादाची तपासणी हा त्यांचा धंदा. २६४ फूट उंचीच्या त्या चक्राला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. पुलांच्या हिशेबातून आलेलं ते चक्र करमणुकीसाठी असलं, तरी त्याच्या गणितात कुणी सूट घेतली नव्हती. आपल्या जत्रेत आकाशपाळण्यात बसताना मुलांनी हे लक्षात ठेवावं, असं मला फार वाटतं.

कार्नेगी मेलनमध्येच संगणकशास्त्राचे रँडी पाउश आणि नाट्यविभागाचे डॉन मॅरिनेली यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘एंटरटेन्मेंट टेक्नॉलॉजी सेंटर’ उभं केलं. पाउश यांच्या वर्गात वेगवेगळ्या विभागांतल्या मुलांच्या चार-चार जणांच्या तुकड्या असत, दोन आठवड्यांत एक आभासी जग उभं करायचं असे आणि मग तुकड्या मोडून नव्यानं बांधल्या जात. कुणाबरोबर काम करणं सोपं जातं, याबद्दल सहकाऱ्यांनी दिलेलं मतही ते प्रत्येकाला आलेखाच्या रूपात दाखवत. या पुस्तकाच्या लेखकांनी ही शेवटची पद्धत उचलली आहे आणि त्यावरचं त्यांचं प्रकरण प्रांजळ आहे. कोण वेळेवर येत नव्हता, कोण दुसऱ्याचं ऐकत नव्हती, हे त्यांनी नावं न घेता लिहिलं आहे. शिक्षकांनी ते प्रकरण जरूर वाचावं. गटानं करायच्या प्रकल्पात एक-दोघं राबतात आणि बाकीचे सह्या करतात, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यावर इतका साधा उपाय क्वचितच कुणी करून पाहतो.

त्याच केंद्रात शिकवणारे जेसी शेल यांनी आधी डिस्नेसाठी समुद्री चाच्यांचा एक खेळ तयार केला होता. पाच मिनिटांचा खेळ, चार माणसं, एक सुकाणूवर आणि तीन तोफांवर. जहाज कुठेही न्यायची मुभा होती. तरी बहुतेक माणसं नेमक्या रंजक जागी पोचत, कारण दूरवर दिसणारी बेटं आणि वाटेत आडवी येणारी शत्रूची जहाजं त्यांना नकळत तिकडे ओढत. माणसाला मोकळं वाटलं पाहिजे आणि गोष्टही वेळेत पूर्ण झाली पाहिजे, या दोन गोष्टींचा मेळ घालणं हे या कलेतलं मर्म आहे. दीपगृहवाल्यांनी ते फार नेमकं साधलं. आत शिरल्यावर पहिल्यांदा नजर जावी ती हँडलवर, म्हणून खोलीतला एकच पिवळा दिवा त्यांनी हँडलवर सोडला. ‘हँडल फिरवा’ अशी पाटी लिहावी लागली नाही. पाच जणांना पाच कामं होती: एक हँडल फिरवणार, एक तक्ता वाचणार, एक मोठ्यानं सेकंद मोजणार, एक खिडकीतून गलबताचा दिवा शोधणार आणि सगळ्यांत लहान मूल भोंगा वाजवणार. भोंग्यानं गलबताला काही फरक पडत नव्हता, पण उत्तरादाखल धुक्यातून दुसरा भोंगा ऐकू यायचा. तो लहानगा तेवढ्यानं भरून पावायचा.

आता त्या हँडलबद्दल थोडं सविस्तर, कारण पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण तेच आहे.

पहिलं हँडल लाकडी दांड्याचं होतं आणि थेट मोटारीच्या शाफ्टला जोडलेल्या एका सेन्सरवर बसवलेलं होतं. चाचणीला शेजारच्या वसाहतीतली मुलं बोलावली आणि ते पहिल्या दुपारीच तुटलं. लोक हँडल उलटं फिरवतात. झटके देतात. त्यावर रेलून उभे राहतात. दोन भाऊ एकाच वेळी दोन दिशांना ओढतात. अशा वेळी ‘कृपया हँडल जपून वापरा’ अशी पाटी लावायचा मोह होतो. या मुलांनी तो टाळला आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुनं मागचं चाक आणलं. मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पुढे फिरवलं की ते चाकाला पकडतं, मागे फिरवलं की नुसतं टकटकत मोकळं फिरतं. हँडल पुढच्या क्रँकला आणि चेन फ्रीव्हीलला. आता कुणी कितीही उलटं फिरवलं तरी दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही. जड चाकामुळे हाताचे झटकेही आत येईपर्यंत मऊ होतात आणि लय सांभाळणं सोपं जातं. चाकाच्या एका आरीला चुंबक चिकटवलं, त्याच्या वाटेवर सेन्सर लावला. तेवढ्यानं वेग मोजता आला. बोटं आरीत जाऊ नयेत म्हणून सगळं चाक आणि चेन प्लायच्या पेटीत बंद केली आणि फक्त हँडल बाहेर ठेवलं. सगळ्या खर्चात हा भाग स्वस्तात स्वस्त होता आणि तीनही दिवस तोच एकदाही बिघडला नाही.

या प्रकरणात रेखाचित्रांइतकंच महत्त्वाचं आहे ते चाचणीचं टिपण. वसाहतीतल्या मुलांना काहीही न सांगता आत सोडायचं आणि बांधणाऱ्यांनी कोपऱ्यात तोंड बंद ठेवून उभं राहायचं, हा त्यांचा नियम होता. ज्यानं बनवलं त्याला गप्प राहणं किती जड जातं, हे कार्यशाळेत शिकवणारा मी रोज पाहतो. मूल चुकीच्या जागी हात घालतं आणि बनवणारा लगेच ‘तिथे नाही, इकडे’ म्हणून पुढे होतो. मग त्याला कधीच कळत नाही की चूक मुलाची नव्हती, मांडणीची होती.

दुसरी गोष्ट उत्तराच्या वेळेची. माणसानं काही केलं आणि साधारण एक दशांश सेकंदात त्याचा परिणाम दिसला, तर तो आपल्याच हातून झाल्यासारखा वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. त्याहून उशीर झाला की माणूस पुन्हा बटण दाबतो, जोर लावतो, शेवटी कंटाळतो. संगणकाच्या वापराचा अभ्यास करणाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून हे मांडलं आहे. दीपगृहात सुरुवातीला सेन्सरची माहिती वायफायवरून वरच्या दिव्याकडे जात होती आणि मेळ्यात शेकडो फोन एकत्र आल्यावर ती अडखळू लागली. हँडल थांबल्यावर दिवा फिरायचा, फिरवताना थांबायचा. मुलांनी वायफाय काढून टाकलं आणि खालपासून वरपर्यंत साधी वायर ओढली. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात नवं तंत्र वापरायची हौस असते, ती असावीही. पण जिथे हाताला तत्काळ उत्तर हवं तिथे वायरच चांगली, हा त्यांचा निष्कर्ष मला पूर्ण पटतो.

गलबत दिसण्याची युक्ती मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६२ च्या नाताळात लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून रंगमंचावर भूत दाखवलं. तिरकी काच, आडोशाला लपलेला नट, त्याच्यावर झगझगीत उजेड. काचेतलं त्याचं प्रतिबिंब प्रेक्षकांना हवेत तरंगताना दिसायचं. मुलांनी काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट घेतली आणि आडोशाच्या काळ्या पेटीत हातभर लांबीचं गलबत ठेवलं. लय जुळेपर्यंत पेटीत अंधार. जुळली की पेटीतले दिवे हळूहळू उजळतात आणि धुक्यातून गलबत येतं. प्रोजेक्टर नाही, संगणकाचा पडदा नाही. मागची बाजू पुरेशी काळी हवी, ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे नकोत, एवढंच पथ्य.

गलबत प्रत्येक गटाला दिसतंच. खेळाची तीन मिनिटं संपत आली की लयीतली सवलत वाढत जाते आणि थोडी चुकली तरी चालते. यावर या मुलांमध्येच वाद झाला आणि तो पुस्तकात दोन्ही बाजूंनी आला आहे. जिंकणं फुकट मिळालं तर त्याला किंमत काय, असं एका बाजूचं म्हणणं. मी दुसऱ्या बाजूचा. अर्धा तास रांगेत उभ्या राहिलेल्या आजीला आणि नातवाला गलबत न दाखवता परत पाठवायचा अधिकार कुणाला नाही. तरबेज मुलांसाठी कमी वेळात जमवल्याची नोंद फळ्यावर लिहायची सोय आहेच.

रांगेचं गणित बहुतेक मंडळं करतच नाहीत. खेळ तीन मिनिटांचा, एका वेळी पाच जण, म्हणजे तासाला वीस गट आणि शंभर माणसं, असा हिशेब कागदावर होतो. प्रत्यक्षात आत येऊन स्थिरावायला अर्धं मिनिट, बाहेर पडायला अर्धं आणि सगळं पुन्हा मूळ जागी आणायला अर्धं मिनिट लागतं. एका गटाला साडेचार मिनिटं. तासाला जेमतेम तेरा गट आणि पासष्ट-सहासष्ट माणसं. मेळा सहा तासांचा असेल तर दिवसाला दोनशे माणसांचा फरक पडतो. ही माणसं उन्हात ताटकळून चिडून परत जातात. यावर उपाय म्हणून या मुलांनी दुसऱ्या दिवशी गोष्टीचे दोन भाग केले. पहिल्या खोलीत वादळाची बातमी आणि तक्त्याची ओळख, दुसऱ्या खोलीत हँडल. पहिला गट दुसऱ्या खोलीत गेला की पुढचा गट पहिल्या खोलीत. तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच जागेत ताशी गट जवळपास दुप्पट झाले. रांगेतल्या लोकांनाही काहीतरी द्यावं म्हणून बाहेरच्या कुंपणावर कोकणकिनाऱ्याचा नकाशा रंगवला.

वारा आणि आग यांवरची प्रकरणं पुस्तकाच्या मधोमध आहेत. ती शेवटी ढकलली नाहीत, याबद्दल लेखकांचं मी खास अभिनंदन करतो.

चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी फ्लेक्स ताणलेली भिंत म्हणजे उभं केलेलं शीड. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र भारतीय मानकात आहे: सेकंदाला मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरला तितके न्यूटन. वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा ताशी ७२ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला वीस मीटरचा धरला तर दाब २४० न्यूटन येतो. बारा चौरस मीटरच्या भिंतीवर तो जवळपास २९० किलो वजनाइतका होतो. दोन विटा ठेवून किंवा बांबूला सुतळी बांधून तो पेलत नाही. मुलांनी भिंतींना मागून तिरके टेकू दिले, पायाशी वाळूच्या गोण्या ठेवल्या, फ्लेक्सऐवजी हवा जाऊ देणारं जाळीचं कापड वापरलं आणि वारा वाढला की मनोरा बंद करायचा, हे आधीच ठरवून ठेवलं. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि सतरा माणसं गेली. त्यानंतर बाराच दिवसांनी राजकोटमधल्या एका गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यात लहान मुलंही होती. तिथलं बांधकाम तात्पुरत्या स्वरूपाचं होतं आणि आत लोक असताना वेल्डिंग चालू होतं.

‘तात्पुरतं आहे, चालतंय’ या एका वाक्यानं किती जीव घेतले, याचा पुरावा आणखी मागेही सापडतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानातल्या ‘हॉन्टेड कॅसल’ या भुताच्या किल्ल्याला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं आत अडकून मरण पावली. तो किल्ला ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला होता. तात्पुरती रचना म्हणून त्यात पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. आतल्या फोमला सिगारेट लायटरची ज्योत लागली आणि अंधाऱ्या, वळणावळणाच्या वाटेत धूर भरला. त्यानंतर तिथे अशा करमणुकीच्या इमारतींसाठीचे नियम कडक झाले. भुताचा बंगला असो की आपल्या मुलांचं दीपगृह, अंधार, अरुंद वाट आणि गोंधळवणारे आवाज हेच त्याचं भांडवल असतं आणि आगीच्या वेळी नेमकं तेच माणसाला मारतं. म्हणून इथे साध्या मांडवाच्या दुप्पट काळजी घ्यावी लागते.

दीपगृहात एक लाल बटण होतं आणि त्याच्याजवळ सतत एक जण उभा असे. ते दाबलं की सगळा आवाज बंद, धुक्याचं यंत्र बंद आणि खोलीतले पांढरे दिवे लागत. हे दिवे बॅटरीवर होते, म्हणजे मेन बंद पडला तरी चालतील. दोन दारं होती, दोन्ही बाहेर उघडणारी आणि एकालाही कडी नव्हती. थर्माकोल वापरलाच नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण बंदी नसती तरी अंधाऱ्या खोलीत तो कुणी आणू नये. लोकांच्या हाताला लागेल ते सगळं बारा व्होल्टवर आणि २३० व्होल्टची लाइन वायरमनकडून, गळती होताच वीज तोडणाऱ्या तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून. वेल्डिंग आणि करवतीचं काम मेळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी थांबलं. रात्रभर जागून शेवटच्या मिनिटाला खिळे ठोकण्याची आपल्याकडे एक शान मानली जाते. या मुलांनी तिला नकार दिला आणि त्यांच्या सगळ्या निर्णयांत मला तो सर्वांत धाडसी वाटतो.

मनोऱ्याला वरचा मजला करायचा की नाही, यावर एक छोटं प्रकरण आहे. चाकांच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या माणसासाठी रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. म्हणजे तीन मीटर चढायला छत्तीस मीटर लांब रॅम्प. तेवढं मैदान कुणाकडे नव्हतं. म्हणून दिवा वर ठेवला आणि गोष्ट सगळी खाली आणली. हँडल, खिडकी, तक्ता, गलबत, सगळं एकाच पातळीवर आलं आणि कुणालाच पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. खर्चही कमी झाला.

पैशांबद्दल लेखकांनी तपशिलात लिहिलं आहे, म्हणून मी ते इथे उगाळत नाही. एवढंच सांगतो की भाड्यानं, मागून आणि भंगारातून किती गोष्टी मिळतात याची त्यांची यादी कुठल्याही शहरातल्या मुलांना उपयोगी पडेल. काम संपल्यावर कुठलं लाकूड कोणत्या शाळेला गेलं याची नोंदही त्यात आहे.

एक तक्रार मात्र मी लेखकांपाशी नोंदवली आहे. चित्रकलेच्या मुलांनी केलेल्या कामाला पुस्तकात फार कमी पानं मिळाली आहेत. धुक्याचा रंग कसा जुळवला, ओलसर दगडाचा पोत प्लायवर कसा आणला, रेनकोटाला मिठाच्या डागांचा आभास कसा दिला, हे वाचायला मी उत्सुक होतो. हँडल फिरवायला लोक पुढे झाले ते आधी त्या खोलीवर त्यांचा विश्वास बसला म्हणून, आणि तो विश्वास रंगकामानं मिळवला होता. पुढच्या आवृत्तीत ही उणीव भरून निघेल असं मला आश्वासन मिळालं आहे.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्या विद्यार्थ्यांना एक विनंती. दीपगृह पुन्हा बांधू नका. तुमच्या गावात विहिरीवरची मोट असेल, हातमाग असेल, मिठागर असेल, एसटीचा डेपो असेल. त्यातल्या एखाद्या कामाला असा नियम शोधा, जो फक्त त्याच कामाचा आहे, आणि तो लोकांच्या हातात द्या. सुरुवात मात्र शेवटच्या प्रकरणातल्या तपासयादीपासून करा. ती छापून बांधकामाच्या जागी लावा आणि दार उघडण्यापूर्वी तिच्यावर दोन सह्या घ्या: एक बांधणाऱ्याची आणि एक, ज्यानं त्यातला एकही खिळा ठोकलेला नाही त्याची.